ढाळ लागले की पाणी तोडायचं? त्या मेसेजला उत्तर

पावसाळा लागला की खानापूर, बेळगाव, निपाणीकडच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. यंदा तो घरच्याच ग्रुपवर आला, मावशींनी टाकलेला, खाली हात जोडलेले. म्हणणं असं: पंचायतीला विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकू देऊ नका, त्यानं मूल होत नाही आणि कॅन्सर होतो, तुरटी फिरवून पाणी तांब्याच्या घागरीत ठेवलं की पुरे, लेकराला ढाळ (जुलाब) लागले तर पाणी-दूध तोडा, पोट कोरडं पडू द्या, अगदीच झालं तर सलाईन लावा, आपले पूर्वज हेच पाणी पिऊन शंभरी गाठायचे.

ढाळापासूनच सुरुवात करू, कारण यानं लेकरू दगावतं. पाणी तोडून ढाळ थांबत नाहीत. आतडं अंगातलं पाणी आणि क्षार बाहेर टाकतच राहतं, आणि जीव जातो तो बहुतेक वेळा त्या तुटीनं. मीठ आणि साखर ठराविक प्रमाणात एकत्र पोटात गेली की ढाळ चालू असतानाही आतडं पाणी शोषून घेतं. ओआरएस म्हणजे एवढंच. सलाईनशिवाय भागत नाही म्हणणाऱ्यांनी पश्चिम बंगालातल्या बनगावची गोष्ट वाचावी. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत पटकी (कॉलरा) पसरली आणि सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपांतून वाटलं. पाजायला रुग्णांचे नातेवाईकच होते. ३० टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. तिथं चिखलात जे जमलं ते आपल्या घराच्या सोप्यात का जमू नये?

ओआरएसची पुडी एक लिटरची असेल तर ती पुरत्या एक लिटर पाण्यात एकदाच घालायची. पेलाभर पाण्यात अख्खी पुडी घातली तर पाणी खारट होतं आणि लेकराच्या रक्तातलं मीठ चढतं. ही चूक घरोघरी होते. पुडीवरचं कन्नड-इंग्रजी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना वाचता येत नाही, मराठी मेसेज मात्र वाचता येतो. दोष त्यांचा नाही. दोन वर्षांखालच्या लेकराला प्रत्येक ढाळेनंतर ५० ते १०० मिली, त्यापुढे दहा वर्षांपर्यंत १०० ते २०० मिली. ओकलं तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्याचमच्यानं. कालवलेलं पाणी २४ तासांनी ओतून टाकायचं. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. वरचं खाणारं असेल तर मऊ भात, पेज द्यायची. सोबत झिंकची गोळी १४ दिवस, रोज २० मिलीग्रॅम; दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलीग्रॅम. ढाळ थांबले म्हणून चौथ्या दिवशी गोळी बंद करायची नाही. डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटा सोडल्यावर हळू बसते, पिणं जमत नाही, लघवी नाही किंवा शीमध्ये रक्त दिसलं, तर तडक दवाखाना. तिथं सलाईन लागेल, पण रस्ताभर जमेल तेवढं ओआरएस पाजतच न्यायचं.

ब्लीचिंगबद्दल. विहिरीत टाकतात तेवढ्या ब्लीचिंगमधल्या क्लोरीननं मूल होत नाही, हे साफ खोटं. कॅन्सरच्या गोष्टीत कणभर तथ्य आहे: पालापाचोळ्याच्या पाण्यात क्लोरीन घातलं की काही नको असलेले पदार्थ तयार होतात. पण जागतिक आरोग्य संघटनाच सांगते की तो धोका जंतू न मारण्याच्या धोक्यापुढे फार लहान आहे. उग्र वासाची तक्रारही खरी, आणि ती टाकणाऱ्याच्या घाईची आहे. कोरडी पावडर वरून फेकली की हेच होणार.

हिशेब सोपा. हजार लिटरला २.५ ग्रॅम चांगली पावडर. तीन मीटर रुंद विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ते साधारण २८,००० लिटर, म्हणजे ७० ग्रॅम. गढूळ पाण्याला जास्त लागते. बादलीत आधी लगदा करायचा, मग पाणी घालून ढवळायचं, दहा मिनिटांनी वरची निवळ दुसऱ्या बादलीत घ्यायची. खालचा चुना विहिरीत ओतायचा नाही, पाणी जड होतं. निवळीची बादली पाण्याखाली सोडून वर-खाली हिसके द्यायचे आणि तासभर कुणी पाणी शेंदायचं नाही. रात्री केलेलं बरं. उघड्या पोत्यातली, ओल धरलेली पावडर मात्र कितीही टाका, तिच्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो.

तुरटीनं गाळ बसतो, सगळे जंतू मरत नाहीत. तांब्याचं मात्र मान्य करावं लागतं: रात्रभर ठेवलं तर जंतू कमी होतात. पण घागर घासलेली हवी, आणि सकाळी भरलेलं दुपारी प्यायलं तर उपयोग नाही.

पूर्वजांचं राहिलं. वेशीवरची मरगाई, म्हणजे पटकीची देवी, कशासाठी बसवली, ते गावातल्या कुठल्याही म्हातारीला विचारा.

नळवाल्यांनी निर्धास्त राहू नये. दोन-चार दिवसांआड पाणी येतं; मधल्या वेळेत रिकाम्या पाइपात फुटक्या सांध्यातून गटार झिरपतं. त्यात कुणी थेट नळाला मोटार लावली की ते जोरानं ओढलं जातं, आणि ते शेजाऱ्याच्याही हंड्यात पडतं. तेव्हा पंचायतीला ब्लीचिंग टाकू नका म्हणून अडवण्यापेक्षा शेवटच्या घराच्या नळावर क्लोरोस्कोप (पाण्यातलं क्लोरीन तपासायचं साधन) लावून दाखवायला सांगा. लिटरला किमान ०.२ मिलीग्रॅम क्लोरीन दिसायला हवा. नसेल तर आधी मोटारी काढायला लावा, मग सांधे शोधा.