यायचं नसेल तर बुकिंग घेता कशाला?

‘कहाँ जाना है?’ अरे बाबा, प्रभादेवी! टॅक्सीच्या ॲपमध्ये टाकलंय ना मी ते? तरी चालकाने फोन करून विचारायचंच. मग पुढचा प्रश्न, ‘कॅश है क्या?’ नाही म्हटलं की फोन कट. बुकिंग मात्र रद्द करायचं नाही. नकाशावरची ती छोटीशी गाडी हिंदमातापाशी जी थांबली ती थांबलीच. चार मिनिटं, तीन मिनिटं, परत चार मिनिटं. मी कंटाळून रद्द करावं आणि भुर्दंड माझ्या माथी बसावा, एवढ्यासाठीच हा सगळा खेळ. मे २०२५ मध्ये सरकारने धोरण आणलं, चालकाने विनाकारण फेरी रद्द केली तर भाड्याच्या १० टक्के किंवा १०० रुपये, जे कमी असेल तो दंड. पण त्याने रद्द केलंच नाही, नुसता बसून राहिला, तर? तर दंड मलाच!

आणि हे सगळं ऑक्टोबरच्या भर दुपारी, दादर पूर्वेला, शेजारी आई. साताऱ्याहून एसटीने निघालो तेव्हा पहाटे शाल पांघरली होती तिने. इथे उतरल्यापासून पदराने मान पुसतेय, पदर पिळून काढावा इतका ओला. एका हातात चकल्यांचा डबा, दुसरा हात माझ्या खांद्यावर, कारण गुडघे दुखतायत आणि टेकायला वीतभर जागा नाही. फुटपाथभर कंदील आणि पणत्या. ‘ताई, बाजूला व्हा ना, गिऱ्हाईक येतंय.’ कुठे होऊ बाजूला? रस्त्यात?

मावशी दरवर्षी फोन करते, पाऊस गेला, आता या, हवा छान झालीये. कसली छान! पाऊस गेला म्हणजे ढग गेले आणि ऊन मोकाट सुटलं, हवेतली ओल आहे तिथेच, आणि समुद्रावरचा वारा दुपार उलटेपर्यंत सुटायचं नाव घेत नाही. इथला उन्हाळा वर्षातून दोनदा येतो, आणि दुसऱ्या वेळी आम्हाला दिवाळीचं बोलावणं असतं.

काळी-पिवळीवाल्यांनाही विचारलं. एकाने मान हलवली, दुसऱ्याने तीही हलवली नाही. तिसरा म्हणाला, ‘ब्रिज बंद है, उधर नहीं जाएगा.’ एल्फिन्स्टनचा पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडायला बंद केला, ठाऊक आहे मला. म्हणून टिळक पुलावरून जा म्हटलं, जास्तीचं मीटर पडेल ते देते म्हटलं. तरी नाही. मग मीटर कशाला बसवलंय गाडीला? कमीत कमी भाडं ३१ रुपये केलं तेव्हा परवडत नाही म्हणून ओरड होती, आता जवळचं भाडं नको म्हणून ओरड! रिक्षाचा तर इकडे प्रश्नच नाही, ती वांद्र्याच्या अलीकडे येतच नाही.

शेवटी ॲपवर एकजण आला. काचा खाली. एसी लावा म्हटलं तर, ‘एसी का अलग से लगेगा.’ बुकिंग एसी गाडीचं, पैसे एसी गाडीचे, आणि एसीचे पुन्हा वेगळे! मी भांडले, आईसमोर आवाज चढवून भांडले. त्याने गाडी कडेला घेतली आणि म्हणाला, उतरा मग. टिळक पुलावर, चढावर, मागे हॉर्नचा कल्ला, उतरा म्हणे! आई म्हणाली, ‘राहू दे गं, दे त्याला.’ दिले. आईसाठी दिले. मला अजूनही ते पैसे परत हवे आहेत.

त्या ॲपमध्ये तक्रार करायला गेले तर कारणांची तयार यादी पुढे येते. गाडी अस्वच्छ, चालक उद्धट, सामान विसरलं. पैसे उकळले हे कारणच त्यात नाही. ‘इतर’ दाबलं की ‘आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद’. अभिप्राय नाही हो तो! म्हातारं माणूस घेऊन उन्हात उभं केलंत तुम्ही, मी तक्रार करतेय, तिला माणसाने उत्तर द्या!