ग्राहक हा ग्राहक नव्हे

'ग्राहक'चं रूपांतर 'ग्राहक'मध्ये होऊ शकत नाही. वेंगुर्ल्याच्या घरी माडीवर बसून मुंबईच्या सर्व्हरचा लॉग, म्हणजे त्याची नोंदवही, बघताना ही ओळ दिसली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. 'ग्राहक' हा जावा प्रोग्रॅममधला क्लास, म्हणजे ऑब्जेक्ट घडवायचा साचा. पॅकेज (क्लासचं आडनावच म्हणा) तेच, स्पेलिंग तेच, आणि टॉमकॅट, म्हणजे जावाचे वेब प्रोग्रॅम चालवणारा सर्व्हर, म्हणतो हा तो नव्हेच!

आई चहा घेऊन आली. "काय झाला?"

म्हटलं, जावाला नुसतं नाव पुरत नाही. तो क्लास कुठल्या क्लासलोडरने, म्हणजे क्लास मेमरीत आणणाऱ्या हमालाने, आणला, तेही बघतात. लोडर वेगळा, तर माणूस वेगळा.

"म्हणजे वरच्या वाडीतलो बाबल्या नि खालच्या वाडीतलो बाबल्या," आई म्हणाली. "पोस्टमनाक इचार."

आमच्या ट्रेनिंगमध्ये यावर अख्खी दुपार गेली होती.

जावाची मूळ रीत घरंदाज आहे: स्वतः काही आणण्याआधी पेरंट, म्हणजे वरच्या, लोडरला विचारायचं. वेब अ‍ॅपला मात्र सूट. टॉमकॅट जावाचे मूळ क्लास तेवढे वरून घेतो, बाकीचे आधी अ‍ॅपच्या वेब-इन्फ फोल्डरमध्ये शोधतो. हेतू चांगला, एका सर्व्हरवरच्या दोन अ‍ॅपना एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या सुखाने वापरता याव्यात. पण कोणा पुण्यवंताने आमच्या 'ग्राहक'चीच जार, म्हणजे क्लासचं गाठोडं, टॉमकॅटच्या सामाईक लिब फोल्डरमध्येही टाकून ठेवलेली. वरच्या कोडने ऑब्जेक्ट बनवला, खालच्याने ओळख दाखवली नाही.

सामाईक कोडला ती जार हवीच होती, म्हणून अ‍ॅपमधली काढली, मेवनमध्ये (प्रोग्रॅम बांधणारं साधन) 'प्रोव्हायडेड', म्हणजे 'ही सर्व्हरवर मिळेल', असं लिहिलं, पुन्हा डिप्लॉय केलं, म्हणजे सर्व्हरवर चढवलं. ग्राहकाला ग्राहक भेटला. आणि मेमरी चढायला लागली.

कारण जुनं अ‍ॅप गेलंच नव्हतं. कुठल्याशा थ्रेडने, म्हणजे सर्व्हरच्या एका कामकऱ्याने, थ्रेडलोकल या आपल्या खिशात त्याचं एक ऑब्जेक्ट धरून ठेवलेलं. ऑब्जेक्ट क्लासला धरतो, क्लास लोडरला, आणि लोडर सगळ्या खानदानाला. जावा ७ पर्यंत अशाने पर्मजेन, म्हणजे क्लासची माहिती ठेवायची मर्यादित जागा, भरायचं आणि सर्व्हर झटकन आडवा व्हायचा. २०१४ मध्ये जावा ८ आलं, पर्मजेन जाऊन मेटास्पेस आलं, आणि त्याला आपण घातल्याशिवाय मर्यादाच नाही. आता सर्व्हर मशीनची मेमरी सावकाश, चवीने खातो आणि मग पडतो. प्रगती म्हणायची.

साहेबांचा फोन आला, "रिस्टार्ट मारलास?" मारला. मेमरी खाली आली, साहेब खूश. थ्रेड कुठला ते शोधायला हवं म्हटल्यावर म्हणाले, रिस्टार्टच्या आधीचा हीप डंप (मेमरीतल्या ऑब्जेक्टची नक्कल) आहे, पाठवतो, दोन जीबीचाच आहे.

आमच्याकडच्या रेंजवर तो चतुर्थीपर्यंत उतरेल.