बाई फोनला विचारून आली, तर तुमचं काय गेलं?

आज कोर्टातल्या आमच्या बाररूममध्ये, म्हणजे वकिलांच्या खोलीत, जे झालं त्यानंतर डबा उघडायची इच्छाच झाली नाही. उद्यापर्यंत थांबले तर शांत होईन आणि मग लिहिणारच नाही, म्हणून आत्ताच लिहितेय.

एक बाई आल्या होत्या. पन्नाशीच्या, सोबत कुणी नाही. भावांनी हक्कसोडपत्राचा मसुदा व्हॉट्सॲपवर पाठवलाय आणि सोमवारी दुय्यम निबंधकाकडे सहीला बोलावलंय. बाईंनी त्या मसुद्याचे फोटो काढून चॅटजीपीटीला दिले आणि मराठीत बोलून विचारलं, यात मी काय देतेय? त्याने गट नंबरनिशी सांगितलं. मोबदला काही नाही, हक्क कायमचा जातो, तुमच्या वारसांनाही मागता येणार नाही. मुलीला मुलाइतकाच हक्क देणारी हिंदू वारसा कायद्यातली 2005 ची दुरुस्ती सांगितली. 2020 चा सुप्रीम कोर्टाचा विनीता शर्मा निकाल सांगितला, म्हणजे वडील 2005 च्या आधी गेले असले तरी वडिलोपार्जितातला मुलीचा हक्क जात नाही हे. आणि शेवटी, बाई म्हणून तुम्हाला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी.

हे खरं आहे का, एवढंच विचारायला त्या आल्या होत्या. आमची मंडळी हसली. "आता वकिलीची सनदही मोबाईललाच द्या." "बाई, उलटतपासही त्यालाच घ्यायला सांगा की." त्या बिचाऱ्या ओशाळून फोन पिशवीत घालायला लागल्या.

मोफत वकिलाचा विषय निघाल्यावर मात्र हसू थांबलं आणि चिडचिड सुरू झाली. कुणी काय डोक्यात भरवलं तुमच्या, वगैरे. अहो, 1987 चा कायदा आहे. कलम 12. मोबाईलने काल शोधून काढलेला नाही. तालुका विधी सेवा समितीची पाटी आपल्याच आवारात लागलेली आहे, आणि आपल्यातल्या किती जणांनी दारात आलेल्या बाईला बोट करून ती पाटी दाखवली, सांगा ना.

मला राहून राहून आत्या आठवत होती.

1997 सालची गोष्ट. मी सातवीत. भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी आत्याला रजिस्टर ऑफिसात नेलं, मी शेपटासारखी मागे. याच कायद्यातली 1994 ची राज्याची दुरुस्ती आधीच लग्न झालेल्या मुलींना लागू नव्हती, पण आजोबांच्या हिश्श्यात वारस म्हणून तिचा वाटा होताच. म्हणून तर सही हवी होती. आत्या चांगली शिकलेली, पेपर वाचायची. पण कागद तिच्या हातात कुणी दिलाच नाही. वकीलसाहेब पानं उलटत होते, मजकुरावर पंजा ठेवून फक्त खालचा कोपरा उघडा. "ताई, इथे. आता इथे." तिने विचारलं, काय लिहिलंय? "तुमच्या भल्याचंच आहे." माझे वडील शेजारीच उभे होते. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

माझ्या एलएलबीची फी त्याच रानातल्या उसातून भरली गेली. हे इथे पहिल्यांदाच लिहितेय. घरचे वाचतील तर वाचू देत.

तर सांगायचं हे की आपल्या धंद्याचा निम्मा रुबाब त्या पंज्यावर उभा आहे. पक्षकाराला कैफियत कळत नाही, रोजनामा कळत नाही, तारीख का पडली तेही कळत नाही. "तुम्ही फक्त सही करा, बाकी मी बघतो." आता तो पंजा कुणीतरी बाजूला केला, म्हणून एवढी आग. बाकी एआय आलं, वकिली संपणार, ज्युनिअर उपाशी मरणार, हे सगळं दर रविवारी पेपरात वाचतेच आहे. तालुक्याच्या कोर्टात बदल कुठे होतोय विचाराल तर इथे होतोय. अशील प्रश्न घेऊन यायला लागलाय.

आणि वापरतं कोण नाही? सुप्रीम कोर्ट 2019 पासून सुवास नावाच्या सॉफ्टवेअरने निकालांची भाषांतरं करतंय. कोर्टं संगणकावर आणणाऱ्या ई-कोर्ट्स योजनेच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्राने 7,210 कोटी मंजूर केले, त्यातले 53 कोटींच्या वर याच असल्या तंत्रज्ञानासाठी ठेवलेत. कोर्टाने केलं की आधुनिकीकरण आणि बाईने केलं की आगाऊपणा?

आज सगळ्यात मोठ्याने हसलेल्या साहेबांचा एक लेखी युक्तिवाद माझ्या टेबलावर आहे, कारण समोरची बाजू माझी. त्यातला तिसरा न्यायनिवाडा महाराष्ट्र लॉ जर्नलच्या त्या पानावर नाहीच. तिथे भलताच खटला आहे. पुढच्या तारखेला बोलूच, साहेब.

बरं, मान्य. फोन थापा मारतो. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले खटले कोर्टात दिले आणि 5,000 डॉलर दंड भरला. आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये प्राप्तिकराचा एक आकारणी आदेश रद्द केला, कारण अधिकाऱ्याने आधार घेतलेले निकाल कुठे अस्तित्वातच नव्हते. पण ही दोन्ही उदाहरणं बघा, त्यात साधी बाई कुठे आहे? चुकले ते शिकलेले, ज्यांना तपासून बघणं जमत होतं आणि ज्यांचं ते कामच होतं.

आजच्या बाईंनाही त्याने एका जागी चुकीचं सांगितलं. सही केलीत तरी नंतर कधीही रद्द करता येईल म्हणे! नाही येत. नोंदणी झालेला कागद रद्द करून घ्यायचा तर फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो आणि फसवणूक शाबीत बाईनेच करायची. या एका वाक्यावर विसंबून त्या सोमवारी सही करून आल्या असत्या तर संपलं होतं. वकील लागतो तो इथे. हसायला नाही, हे वाक्य खोडायला.

आणि हेही खरं की कागद कळला तरी माहेर सांभाळायचं असतंच. आत्याला तेव्हा कुणी ओळ न् ओळ वाचून दाखवली असती तरी तिने बहुतेक सही केलीच असती. दिवाळीला कुठे जायचं, हा प्रश्न तिला रानापेक्षा मोठा होता. पण मग "मी दिलं" असं म्हणता आलं असतं तिला. पुढे कितीतरी वर्षांनी एका लग्नात जेवताना तिने मला हळूच विचारलं, "बाळ, त्या कागदात विहिरीचं पण होतं का गं?" होतं. विहिरीतला हिस्साही होता. मी सांगितलं. ती "असू दे" म्हणाली आणि जिलेबी वाढणाऱ्याला हाक मारली.

आता राग गेलाय बराचसा. थोडा ठेवलाय.

बाईंना मी माझ्या टेबलाशी बसवलं. मसुदा शब्दन् शब्द वाचला, रद्द करण्याचं ते वाक्य चुकीचं आहे हे सांगितलं. सातबारा, फेरफार आणि वडिलांचा मृत्यू दाखला घेऊन परवा बोलावलंय. सोमवारी जायचं की नाही हे त्यांचं त्या ठरवतील. समितीचा अर्ज साध्या कागदावर चालतो, तो तिथेच लिहून दिला. कुणाच्या बहिणीला, आत्याला, शेजारणीला तसा अर्ज हवा असेल तर इनबॉक्समध्ये या. वकील मित्रांनी मात्र तिथे येऊन मला धंदा शिकवू नये.