दारू त्याने प्यायली, विमा आमचा कसा बुडाला?

गेल्या रविवारी आत्याकडे गेलो. तिचा मुलगा पलंगावर, मांडीच्या हाडात रॉड, पायाखाली दोन उशा. शेजारच्या स्टुलावर औषधांच्या पिशवीखाली पाचशेचा स्टॅम्प पेपर. मजकूर टाइप झालेला, सही तेवढी बाकी: गाडीमालकाकडून ६०,००० रुपये मिळाले, यापुढे आमची कसलीही मागणी नाही. हॉस्पिटलचं बिलच सव्वातीन लाखांच्या वर गेलंय. "आत्या, हे काय गं?" म्हटलं तर तिने फोन पुढे केला. "अरे, तो ड्रायव्हर प्यायलेला होता ना. मग विमा कंपनी काहीच देत नाही म्हणे. हे वाच. त्यापेक्षा मिळतंय ते घेतलेलं बरं."

वाचलं. वर लाल ठिपके आणि 'जनहितार्थ', खाली 'एका ज्येष्ठ विमा अधिकाऱ्याकडून'. अधिकाऱ्याला नाव नाही, हे सांगायला नकोच. हा फॉरवर्ड आमच्या ग्रुपवर एका काकांनी टाकला, त्यांना सोसायटीच्या ग्रुपवरून आलेला, आणि सोमवारी मला ऑफिसच्या ग्रुपवरही दिसला. त्यात पाच दावे आहेत. ड्रायव्हर प्यायलेला असेल तर विमा कंपनी कोणालाच एक रुपया देत नाही. म्हणून जखमींनीही जबाबात दारूचा विषय काढू नये. ड्रायव्हरने अपघातानंतर निघून जावं आणि दुसऱ्या दिवशी हजर व्हावं, कारण चाचणी नाही तर पुरावा नाही. दारुड्यांच्या भरपाईमुळे आपल्या सगळ्यांचा प्रीमियम वाढतो. आणि शेवटी मागणी, की अशा अपघातांचं विमा संरक्षण कायद्यानेच पूर्ण बंद करा, म्हणजे लोक सुधारतील.

तिसरा मुद्दा दारुड्याला पळायला शिकवतो आणि पाचवा त्याला सुधारायला निघतो. लिहिणाऱ्याने स्वतःचा मेसेज तरी एकदा वाचायचा होता.

पहिला दावा: 'कोणालाच एक रुपया नाही.' घरी आल्यावर मी माझ्या गाडीची पॉलिसी काढून बसलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. त्यात मुळात वेगवेगळे करार आहेत, एकाच पिनमध्ये टाचलेले. एक भाग माझ्या गाडीच्या नुकसानाचा. तिथे स्पष्ट लिहिलंय की चालवणारा दारूच्या किंवा अमली पदार्थाच्या अमलाखाली असेल तर भरपाई नाही. मालक-चालकाच्या १५ लाखांच्या वैयक्तिक अपघात संरक्षणालाही तीच अट. म्हणजे पिऊन गाडी ठोकली तर बंपर गेला, बॉनेट गेलं, आपलं हाड मोडलं, सगळं आपल्या खिशातून. इथवर फॉरवर्ड बरोबर आहे.

दुसरा भाग दायित्वाचा, ज्याला आपण सरसकट 'थर्ड पार्टी' म्हणतो. माझ्या गाडीमुळे दुसऱ्या कुणाला इजा झाली तर त्याची भरपाई. हा भाग मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ने सक्तीचा केलाय. स्वतःच्या गाडीचा विमा काढा नाहीतर नका काढू, सरकारला पडलेली नाही. थर्ड पार्टीशिवाय मात्र गाडी रस्त्यावर आणता येत नाही. का? कारण सिग्नलला उभ्या असलेल्या माझ्या आतेभावाने मागून येणारा ड्रायव्हर निवडलेला नव्हता. त्याने त्याचा श्वास हुंगला नव्हता, लायसन्स तपासलं नव्हतं. आणि माझ्या पॉलिसीत दारूचं जे कलम पहिल्या भागात आहे, ते या भागात नाही. मी दोनदा शोधलं.

केरळ उच्च न्यायालयापुढे २०२३मध्ये नेमका हाच प्रश्न आला होता. २०१३मधला अपघात, प्यायलेल्या माणसाच्या गाडीने रिक्षाला धडक दिली, आणि कंपनीचं म्हणणं हेच की ड्रायव्हर नशेत होता, आम्ही का द्यावं? न्यायालयाने सांगितलं की जखमीच्या बाबतीत कंपनीची जबाबदारी कायद्याने आलेली आहे. आधी त्याला पैसे द्या, मग ड्रायव्हर आणि मालकाकडून वसूल करा. वकील मंडळी याला 'पे अँड रिकव्हर' म्हणतात. लायसन्सच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २००४च्या स्वर्ण सिंग खटल्यात हीच वाट मोठी केली होती.

आता एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो, नाहीतर कुणीतरी कलम काढून तोंडावर फेकेल. २०१९च्या दुरुस्तीने कायद्यात एक शेपूट जोडलंय, १ एप्रिल २०२२पासून लागू झालेलं. कलम १५०मध्ये कंपनीला कोणते बचाव घेता येतात त्याची यादी आहे. तीत 'कलम १८५मध्ये सांगितल्याप्रमाणे दारूच्या किंवा अमली पदार्थाच्या अमलाखाली गाडी चालवणे' हे नव्याने घातलंय. केरळचा निकाल जुन्या कलमाखालचा, त्यामुळे कंपन्यांचे वकील नव्या कलमावर जोर लावणारच. पण बचाव घेता येणं वेगळं आणि दावाच संपणं वेगळं. बचाव कंपनीला सिद्ध करावा लागतो, आणि कलम १८५ मोघम 'वास येत होता' म्हणत नाही, १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त म्हणतं. शिवाय अपघाताची भरपाई ठरवणाऱ्या न्यायाधिकरणापुढचा अर्ज ड्रायव्हर, मालक आणि कंपनी अशा तिघांवर असतो. कंपनी सुटली तरी उरलेले दोघे सुटत नाहीत. यात 'कोणालाच एक रुपया नाही' कुठे बसतं?

दुसऱ्या दाव्यावर फार वेळ घालवत नाही, कारण तो नुसता मूर्खपणा आहे. जखमीने दारूचा उल्लेख केला तर 'जखमीचाच विमा बुडेल' असं त्यात लिहिलंय. जखमीचा कुठला विमा? त्याच्या मेडिक्लेमचा समोरच्याच्या दारूशी काय संबंध? आतेभाऊ त्या दिवशी ऑफिसातून येत होता, पोटात फक्त चहा. पण फॉरवर्ड वाचून आत्या पोलिसांना परत भेटायला निघाली होती, जबाबातला 'तोंडाला वास येत होता' हा शब्द काढता येईल का विचारायला. खरा जबाब बदलायला! तिला जिन्यात अडवलं.

आता तिसरा. 'निघून जा, उद्या या, चाचणी नाही तर पुरावा नाही.' हा सल्ला देणाऱ्याला खरं तर त्याच रस्त्यावर रात्रभर बसवायला हवं, कारण हा सल्ला पाळणारा माणूस मागे कुणाला टाकून जातो? रक्त वाहणाऱ्याला. जखमीला उपचार मिळवून देणं ही ड्रायव्हरवर कलम १३४ने टाकलेली जबाबदारी आहे. आणि तो निघून गेला, नंबर कुणी पाहिला नाही, गाडी सापडलीच नाही, तर जखमीच्या वाट्याला काय येतं? कलम १६१खालची हिट अँड रनची ठरलेली रक्कम: मृत्यू झाला तर २ लाख, गंभीर इजा असेल तर ५०,०००. सव्वातीन लाखांच्या बिलापुढे पन्नास हजार. ज्येष्ठ अधिकाऱ्यांचा 'जनहितार्थ' सल्ला हा आहे.

बरं, पळणाऱ्याचा तरी फायदा होतो का? सर्वोच्च न्यायालयाचा १२ एप्रिल २०२१चा निकाल आहे, विमा कंपनी इफ्को टोकियो विरुद्ध गाडीमालक पर्ल बेव्हरेजेस. (नावातच पेय आहे, त्याला कोण काय करणार.) गाडी पोर्श. पुण्याची नव्हे, ती २०२४ची. ही दिल्लीची, २२ डिसेंबर २००७च्या पहाटेची. इंडिया गेटजवळ गाडी फुटपाथला धडकली, उलटली आणि पेटली. कंपनीने गाडीच्या नुकसानाचा दावा नाकारला. मालकांच्या बाजूचा मुद्दा फॉरवर्डसारखाच: श्वासाची किंवा रक्ताची चाचणी कुठे आहे? ती नव्हती. होती ती वैद्यकीय कागदावर दारूच्या वासाची नोंद, एफआयआर, आणि अपघात ज्या तऱ्हेने झाला ती तऱ्हा. राज्य ग्राहक आयोगाने विमा कंपनीचं ऐकलं, राष्ट्रीय ग्राहक आयोगाने मालकांचं, आणि सर्वोच्च न्यायालयाने शेवटी कंपनीच्या बाजूने निकाल दिला. चाचणी झाली नाही एवढ्यावर कंपनीचे हात बांधले जात नाहीत, इतर पुराव्यांवरून ती नशा दाखवू शकते. हे स्वतःच्या गाडीच्या नुकसानाबद्दल आहे हे लक्षात ठेवा, पण पळणाऱ्याला वाचवायची असते ती स्वतःचीच गाडी ना? फौजदारी बाजूलाही फार सुख नाही. पोलिसांना चाचणी नाकारली आणि त्याला पटण्यासारखं कारण दिलं नाही, तर कलम २०५ तो नकार त्याच्याच विरुद्ध वापरू देतं.

मला या निकालातली गंमत वेगळीच वाटते. ज्यांनी पिऊन गाडी ठोकली त्यांच्यासाठी कायदा कडक आहे, वाससुद्धा पुराव्यात धरला जातो. ज्याला ठोकलं त्याच्यासाठी कायद्याचा मूळ कल मऊ आहे. फॉरवर्ड बरोबर उलटं सांगतो: ठोकणाऱ्याला पळवाट आणि ठोकल्या गेलेल्याला गप्प बसायचा सल्ला.

चौथा दावा, प्रीमियमचा. थर्ड पार्टीचा दर कंपनीच्या मर्जीवर नसतो, केंद्र सरकार अधिसूचना काढून ठरवतं. २०२२च्या अधिसूचनेत १,००० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला वर्षाला २,०९४ रुपये होते. दावे वाढले की दर वाढवायचा दबाव येतो, हे खरंच. पण भरधाव गाडी, सिग्नल तोडणं, उलट्या दिशेने येणं, मोबाइल, सगळेच दावे त्यात आहेत. त्यातला फक्त दारूवाला बाजूला काढून 'आपल्या पैशाने दारुड्याचे लाड' म्हणायचं, तर पैसा जातो कोणाला ते तरी बघा. दारुड्याच्या खात्यात दमडी जात नाही.

राहिला पाचवा, संरक्षण पूर्ण बंद करा. इथे फॉरवर्डवाल्यापेक्षा माझं भांडण कलम १५०मधल्या त्या शेपटाशी जास्त आहे. विमा असतोच चुकांसाठी. ड्रायव्हर जितका बेजबाबदार, तितका समोरचा माणूस जास्त मोडतो आणि त्याला विम्याची गरजही तितकीच जास्त. नेमक्या त्याच वेळी संरक्षण काढून घेतलं तर शिक्षा कोणाला झाली? आतेभावाला ठोकणारा माणूस मित्राची गाडी मागून आणलेला होता. त्याच्याकडे साठ हजारच आहेत, तेही मालक देतोय. त्याच्याकडून लाखोंची वसुली कंपनीने करावी. तिच्याकडे वकील आहेत, तारखांना जाणारी माणसं आहेत, दहा वर्षं थांबायची ताकद आहे. पलंगावर पडलेल्या मुलाने हे करायचं? 'विमा आहे म्हणून लोक पितात' हा युक्तिवाद तर मला कधीच कळला नाही. गाडीचे पैसे नाहीत, स्वतःच्या इजेचे नाहीत, दिलेली भरपाई परत मागायला कंपनी दारात, पहिल्याच गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. एवढ्याने जो थांबत नाही, तो रस्त्यावरच्या अनोळखी माणसाची भरपाई बंद होईल या भीतीने ग्लास खाली ठेवेल?

जाता जाता, फॉरवर्डने एक गोष्ट लिहिलीच नाही, आणि तीच सगळ्यात कामाची आहे. भरपाईचा अर्ज अपघातापासून ६ महिन्यांत करायचा, अशी मुदत कलम १६६मध्ये २०२२पासून परत लागू झाली आहे. अर्ज जखमी राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही चालतो, अपघाताच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. मुदतीच्या काठावर जाऊन मग वकिलाने काहीतरी करावं, अशी वेळ कशाला आणायची? आतेभावाच्या अपघाताला आज ७१ दिवस झाले, आणि त्यातले निम्मे तरी 'मिळतच नाही' म्हणत गेले.

बुधवारी वकिलांकडे गेलो. त्यांनी एफआयआरची प्रत, हॉस्पिटलचे कागद, मूळ बिलं, पगाराच्या स्लिपा आणि समोरच्या गाडीचा पॉलिसी नंबर मागितला. दारूचं ऐकून त्यांनी मान वर केली नाही, फक्त "चाचणीचा रिपोर्ट आहे का?" विचारलं आणि लिहून घेतलं. काकांना मी हे सगळं ग्रुपवर लिहिलं. त्यांनी अंगठा दाखवला, मूळ मेसेज मात्र अजून तिथेच आहे. स्टॅम्प पेपरही स्टुलावरच आहे. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आत्याने फिजिओथेरपीच्या तारखा लिहिल्यात.