मावशी म्हणा, पगाराचं बघू

सोसायटीच्या कमिटीवर नवीन आला असाल तर अभिनंदन, आणि एक सूचना आधीच देऊन ठेवतो, जिने झाडणाऱ्या बाई लवकरच तुमच्याकडे पाचशे रुपये वाढवून मागणार आहेत. घाबरू नका. आमच्या पुण्यातल्या सोसायटीनं (नाव नको, राहायचंय अजून तिथं) हे संकट तीन वर्षं परतवून लावलंय.

आधी त्यांना मावशी म्हणायला लागा. बाई म्हटलं की पगार आठवतो, मावशी म्हटलं की कसं घरचं माणूस होतं, आणि घरच्या माणसानं पीएफ आणि आठवड्याची सुट्टी मागणं बरं दिसतं का? सख्ख्या मावशीला आपण वर्षातनं एकदा फोन करतो तो भाग वेगळा.

मग मीटिंग. पगारवाढ नेहमी "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय" यात टाकायची, म्हणजे तिथपर्यंत येईस्तोवर अर्धी लोकं जेवायला गेलेली असतात. आमच्याकडे दोन विंग, अकरा-अकरा मजले, 88 फ्लॅट, आणि मावशींचा पगार सात हजार. एका आगाऊ पोरानं बसल्या बसल्या मोबाईलवर भागाकार केला की पाचशे भागिले 88 म्हणजे घरटी पाच रुपये अडुसष्ट पैसे. अशा पोरांपासून सावध राहा. त्याला लगेच सांगायचं, प्रश्न पैशांचा नाहीये रे, तत्त्वाचा आहे. कुठलं तत्त्व ते कुणी विचारत नाही. चाळीस मिनिटं चर्चा झाली, विषय पुढच्या वर्षावर गेला, मग समोसे आले, त्याचं 2,640 रुपयांचं बिल एका मिनिटात मंजूर झालं आणि प्लेटा उचलायला बोलावलं कुणाला तर मावशींनाच.

काम किती सोपं आहे हे सारखं बोलत राहायचं. सकाळी सातला येतात, दोन्ही विंगचे जिने वरून खाली झाडतात, मग फिनाईलचा पोछा, मग दारोदारचे डबे, झालं की, त्यात काय एवढं! ओला-सुका घरातच वेगळा करायचा असा 2016 पासून नियम आहे असं लोक सांगतात, तुम्ही मनावर घेऊ नका, सगळं एकाच काळ्या पिशवीत गाठ मारून ठेवा, कालचं वरण, बाळाचं डायपर, फुटलेला ग्लास. पॅड पेपरात गुंडाळून वर लाल ठिपका काढा म्हणून कचरावेचकांच्या 'स्वच्छ' संस्थेच्या बायका पुण्यात किती वर्षं सांगतायत, पण आता लाल पेन कोण शोधत बसणार. मागच्या पावसाळ्यात मावशींच्या अंगठ्यात काच घुसली तेव्हा आमच्या सेक्रेटरींनी स्वतःच्या घरून चिकटपट्टी आणून दिली, एक, आणि तसं ग्रुपवर टाकलंही. हातमोज्यांचा विषय निघालाच तर "त्यांना सवय नाही हो" म्हणायचं, त्यांना विचारलेलं नसलं तरी.

लिफ्ट रोज त्याच पुसतात, त्यामुळे ती किती लवकर घाण होते हे त्यांच्याइतकं कुणालाच माहिती नाही, म्हणून त्यांनी जिना वापरलेला बरा. क्लबहाऊसचं टॉयलेट मेंबरांसाठी आहे, पण धुवायला त्या कधीही जाऊ शकतात, तेवढा मनाचा मोठेपणा ठेवा.

एवढं डोकं आपल्याला कुठून येणार असं वाटत असेल तर मुंबईकडे बघा. तिथं कचरा उचलणाऱ्यांना कित्येक वर्षं कामगार म्हणायचंच नाही, स्वयंसेवक म्हणायचं, आणि पगार नाही मानधन, अशी सोय होती. वीस माणसं झाली की कंत्राटी कामगार कायदा लागायचा, म्हणून एका कंत्राटदाराकडे वीस भरूच द्यायची नाहीत. याला हैदराबाद पॅटर्न म्हणायचे, ऐकायला बिर्याणीसारखं वाटतं. पण मग 2,700 जण युनियनमधून कोर्टात गेले, 2014 ला औद्योगिक न्यायाधिकरणात जिंकले, महापालिका वरच्या कोर्टांत भांडत गेली आणि 2017 ला सुप्रीम कोर्टानंही कायम करा म्हणूनच सांगितलं. तेव्हा आपल्या मावशींना शेजारच्या सोसायटीतल्या मावशींशी गेटवर फार वेळ बोलू देऊ नका.

एक काटकसर मात्र करू नका, चेंबर तुंबलं म्हणून आत माणूस उतरवू नका. 2013 चा कायदा आहे, पण ते सोडा, नुसता हिशोब बघा. गटारात उतरून मेलेल्या माणसाची भरपाई सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर 2023 ला दहा लाखांवरून तीस लाखांवर नेलीय. सात हजारांनी तीस लाख व्हायला मावशींना जवळजवळ छत्तीस वर्षं झाडावं लागेल. जिवंत माणूसच स्वस्त पडतो.

आणि एवढं करूनही बाई परत मागायला आल्याच तर 2 ऑक्टोबरला सत्कार ठेवा. स्वच्छता दूत असा फ्लेक्स, शाल आणि श्रीफळ, सगळं पाचशेच्या आत बसतं आणि एकदाच द्यावं लागतं. नारळ चांगला वाजवून घ्या. पुढेमागे मावशींना नारळ द्यायची वेळ आलीच तर एक आधीच पोचलाय म्हणून हिशोबात धरता येतो.