दोन छत्र्या

आमच्या घरापासून पंचगंगेचा घाट चालत दहा मिनिटांवर आहे आणि दूरदर्शनच्या फ्री डिशचा उपग्रह सुमारे 36,000 किलोमीटरवर. घाटावरच्या पाण्याची बातमी त्या उपग्रहाकडून फुकटात मिळवण्याचा जो उद्योग मी गेल्या पावसाळ्यात आरंभला, त्यात काही रोख रक्कम, एक चांगली छत्री आणि गल्लीतली माझी पत एवढे खर्ची पडले. तरीही केबलचे पैसे वाचले, असे मी आजही म्हणतो; घरात ते कोणी ऐकून घेत नाही, ही गोष्ट वेगळी.

परगावच्या वाचकांसाठी आधी एक खुलासा करायला हवा. जून ते सप्टेंबर या काळात कोल्हापुरात खरी बातमी एकच असते, ती म्हणजे राजाराम बंधाऱ्याजवळची पाणीपातळी. 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका, हे आकडे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतात. देशाने मीटर आणि लिटर स्वीकारून कितीतरी वर्षे झाली, पण आमची नदी अजूनही फूट-इंचांतच चढते आणि फूट-इंचांतच उतरते. सकाळी दूध घालायला आलेला माणूस, दाढीला बसलेले गिऱ्हाईक, देवळातून परतणाऱ्या आजी, सगळे एकमेकांना "किती झालं?" एवढेच विचारतात, आणि "काय किती झालं?" असे जो उलट विचारतो तो पाहुणा समजावा. 2019 आणि 2021 या दोन्ही वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेले होते, त्यामुळे या प्रश्नाची थट्टा कोणी करत नाही. अडचण एवढीच की हा आकडा नदीकडे बघून कळत नाही. बंधारा तिकडे कसबा बावड्याला आणि घाट इकडे. घाटावर उभे राहिले तर फार तर कुठली पायरी बुडाली आणि कुठल्या देवळात पाणी शिरले एवढेच दिसते. आकडा बातम्यांतच ऐकावा लागतो.

आमचे आप्पा 86 वर्षांचे आहेत. त्यांना स्वतःचा मोबाईल क्रमांक पाठ नाही, पण राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की त्यातून 1428 क्युसेक पाणी सुटते, हे ते झोपेतसुद्धा सांगतात. चार दरवाजे उघडल्याची बातमी सुरू होताच निवेदिकेच्या आधी "5712" असे म्हणून ते चष्मा पुसायला घेतात. पावसाळ्यात आमच्या घरात दोनच आकड्यांची चौकशी होते, आप्पांच्या रक्तदाबाची आणि बंधाऱ्याच्या पातळीची, आणि दुसरा वेळेवर कळला नाही की पहिला वाढतो.

अशा घरात मी केबल बंद केली. मी 31 वर्षे बँकेत कारकुनी केली असल्यामुळे बिल पाहिल्यावर ते तपासण्याचा मोह मला आवरत नाही. 2019 च्या फेब्रुवारीत नवे नियम आले तेव्हापासून एकही सशुल्क चॅनेल न घेता नुसत्या जोडणीचे 130 रुपये आणि त्यावर अठरा टक्के कर, म्हणजे 153 रुपये 40 पैसे, हे मी वहीत टिपून ठेवले होते. वरचे दोनशे रुपये कशाचे, याचा शोध घेतला तेव्हा आम्ही तीन कार्टूनचे, दोन फॅशनचे आणि एका अशा भाषेतल्या चित्रपटांचे चॅनेल पोसत आहोत, जी आमच्या घराण्यात सात पिढ्यांत कोणी बोललेले नाही, असे निष्पन्न झाले. केबलवाल्या पोराला मी घरी बोलावून वही दाखवली. त्याने ती आदराने पाहिली आणि म्हणाला, "काका, हिशेब एकदम बरोबर आहे, पण पॅकेज फुटत नाही." मी बाणेदारपणे डबा त्याच्या हातात ठेवला. त्याने जाताना, "बघा काका, पावसाळा तोंडावर आलाय," असे म्हटले होते, त्याचा अर्थ मला दीड महिन्याने कळला.

सुरुवातीला मला वाटले होते की गच्चीवरचा जुना अँटेना पुन्हा जोडला की काम भागेल. त्या अँटेनावर आम्ही 1980 च्या दशकात मुंबईच्या मराठी बातम्या पाहिल्या. मुंबई दूरदर्शन सुरू झाले 2 ऑक्टोबर 1972 रोजी. आमच्याकडे ते चित्र पोचायला बरीच वर्षे जावी लागली, आणि आले तेही पाऊस पडत असल्यासारखे ठिपके घेऊन. तरी आप्पांच्या लेखी बातम्या म्हणजे त्याच. प्रदीप भिडे ताठ बसून, एकही शब्द न गिळता, बातमी संपल्यावरच पुढच्या बातमीकडे वळत असत; स्मिता पाटील सिनेमात जाण्याआधी तिथे बातम्या वाचत, हेही आप्पा आल्यागेल्याला सांगतात, जणू त्यांना ती नोकरी यांनीच लावून दिली होती. पण दूरदर्शनने आपले जवळपास सगळे जुने जमिनीवरचे प्रक्षेपक मार्च 2022 पर्यंत बंद केले. हवेत आता काही उरलेलेच नाही, आणि अँटेनावर सौ.ने कारल्याचा वेल चढवला आहे. वेलाला सिग्नल चांगला मिळतो, कारली भरपूर लागतात.

मग फ्री डिश आणायचे ठरले. एकदा छत्री आणि डबा घेतला की महिन्याला एक पैसाही नाही, हे वाक्य मी घरात इतक्या वेळा म्हटले की सौ. ते माझ्या आवाजात म्हणून दाखवू लागली. सगळे मिळून 1800 रुपये झाले. बसवायला आलेला मिस्त्री तरुण होता. त्याने मोबाईलमध्ये होकायंत्र काढले, आग्नेयेकडे तोंड केले आणि मान इतकी वर केली की मला वाटले हा सूर्यालाच छत्री लावतो. कोल्हापुरातून तो उपग्रह आग्नेयेला, क्षितिजापासून साठेक अंश उंचीवर येतो. नेमकी त्याच रेषेत शेजारच्या तात्यांची पाण्याची टाकी होती, म्हणून छत्री गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात गेली आणि तिच्यासाठी कारल्याचा अर्धा वेल काढावा लागला. हा खर्च मी वहीत धरलेला नाही, सौ.ने धरला आहे.

माझे काम खाली टीव्हीसमोर बसून ओरडण्याचे होते. पडद्यावर दोन आडव्या पट्ट्या होत्या, एकीवर स्ट्रेंथ आणि दुसरीवर क्वालिटी. मी उत्साहाने "ऐंशी! ऐंशी!" असे ओरडलो. वरून आवाज आला, "सर, स्ट्रेंथ सांगू नका, ती भिंतीकडं तोंड केलं तरी ऐंशीच दाखवती. क्वालिटी बोला." क्वालिटी शून्य होती. ठेवी भरपूर आणि वसुली नाही, अशी आमच्या शाखेची जी अवस्था मी वर्षानुवर्षे पाहिली, तीच त्या दोन पट्ट्यांत पाहून मला क्षणभर नोकरीची आठवण आली. मिस्त्रीने छत्री केसभर डावीकडे, केसभर वर, मग पुढच्या दांड्यावरची एलएनबी नावाची डबी किल्लीसारखी थोडी फिरवली, आणि क्वालिटीची पट्टी अचानक लाल सोडून हिरवी झाली. सह्याद्री वाहिनी इतकी स्वच्छ दिसली की निवेदिकेच्या पदराची नक्षी मोजता यावी. आप्पांनी मिस्त्रीला पेढा दिला.

तो आनंद पहिल्या मोठ्या पावसापर्यंत टिकला. सह्याद्रीच्या बातम्यांना मी नावे ठेवणार नाही. त्या शांत असतात, त्यांत कोणी कोणावर तुटून पडत नाही. पण महाराष्ट्रात 36 जिल्हे आहेत आणि बातमीपत्र एकच, त्यामुळे कोल्हापूरच्या वाट्याला महाप्रसादातल्या शिऱ्यासारखा एक चमचा येतो. "कोल्हापूर जिल्ह्यात पावसाचा जोर कायम असून पंचगंगेच्या पातळीत वाढ झाली आहे." आप्पा पुढे झुकून थांबत. निवेदिका तोवर गडचिरोलीत पोचलेली असे. "इंच सांगितले नाहीत," आप्पा म्हणत, आणि हे वाक्य ते माझ्याकडे बघून म्हणत. फ्री डिशवर खासगी चॅनेलही असतात, पण त्या जागांचा लिलाव होतो. ज्याने बोली लावली तो दिसतो, नाही लावली तो जातो, त्यामुळे काल पाहिलेले चॅनेल आज त्याच क्रमांकावर सापडेल याचा भरवसा नसतो. जी मराठी बातम्यांची मोठी चॅनेल इकडे तिकडे दिसतात, त्यांवर आमची नदी आलीच तर ड्रोनमधून, ढोलताशाच्या संगीतासकट येते. इंच त्यांनाही ठाऊक नसतात.

मग इंच कोणाला ठाऊक असतात? ते ठाऊक असतात गावातल्या केबलवाल्यांच्या स्थानिक चॅनेलला, ज्याचे बातमीदार स्कूटरवरून बंधाऱ्यावर जातात, ज्याच्या पडद्याखालच्या पट्टीवर ताजा आकडा सरकत असतो आणि ज्यावर सुतारवाड्यातल्या कुटुंबांना कुठल्या शाळेत हलवले हेही कळते. ते चॅनेल उपग्रहावर नाही. ते केवळ केबलच्या वायरीतून येते. ज्या वायरीला मी बाणेदारपणे रामराम ठोकला होता, त्याच वायरीतून. ते लोक बातमीपत्र यूट्यूबवर टाकतात खरे, परंतु रात्री उशिरा, आणि तोवर नदी चार इंच पुढे गेलेली असते. शिवाय आप्पांना फोनच्या पडद्यावरची नदी ओढ्यासारखी दिसते. त्यात कोणीतरी जुन्या पुराचा व्हिडिओ आजचा म्हणून पाठवला की घरातले रेशन माळ्यावर चढवण्याची धावपळ सुरू होते. ती आम्ही एकदा करून बसलो आहोत.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आणखी एक शास्त्रीय सत्य कळले. छत्रीवर येणाऱ्या लहरी ज्या पट्ट्यातल्या असतात, त्यांना पावसाचे थेंब अडवतात. पाऊस भुरभुरता असेल तर चित्र निभावते. धो धो कोसळू लागला की चौकोन पडतात, निवेदिकेचे ओठ एका जागी आणि आवाज दुसऱ्या जागी जातो, आणि मग निळ्या पडद्यावर "सिग्नल नाही" ही पाटी तरंगू लागते. म्हणजे पावसाची बातमी पाऊस थांबल्यावर कळणार. ती पाटी पडद्याच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात हळूहळू जात असे आणि आप्पा तिच्यामागे मान वळवत. "पाऊस पडतोय एवढं तरी समजलं," ते एकदा म्हणाले. आप्पा रागावले असते तर बरे वाटले असते.

त्या संध्याकाळी सातच्या सुमारास मी हिंमत करून गच्चीवर गेलो आणि त्या छत्रीवर आपली छत्री धरून उभा राहिलो. अडथळा ढगांपासून खालपर्यंतच्या सगळ्या पावसाचा असतो, छत्रीवर पडणाऱ्या चार थेंबांचा नव्हे, हे मला मागाहून तात्यांच्या इंजिनिअर मुलाने समजावले. तेव्हा मात्र मी खाली ओरडून विचारले, "आलं का?" सौ.चा आवाज आला, "होतं तेवढंही गेलं!" लोखंडी काड्यांची छत्री मी त्या लहरींच्या वाटेतच धरली होती. ती बाजूला घेताना पश्चिमेकडून असा वारा आला की छत्री उलटी झाली, एक काडी मोडली आणि कारल्याच्या उरलेल्या वेलात अडकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मुकाट्याने तीच छत्री घेऊन शिवाजी पुलाकडे निघालो. तिथे निम्मे कोल्हापूर पाणी बघायला आलेले होते. कणसे भाजणाऱ्याचा धंदा तेजीत होता आणि पुलाच्या कमानींकडे बोट दाखवून प्रत्येक जण आपापल्या लहानपणचा पूर मोठा ठरवत होता. एवढ्यात स्थानिक चॅनेलचा एक पोरगा कॅमेरा आणि प्लास्टिकची पिशवी घातलेला माईक घेऊन माझ्यासमोर आला. "काका, तुम्ही इथलेच काय? पाण्याबद्दल काय सांगाल?" कोल्हापूरच्या माणसाला पुराच्या वेळी हा प्रश्न विचारला की तो नाही म्हणूच शकत नाही. मी सकाळच्या वर्तमानपत्रातला आकडा स्वतः मोजून आल्याच्या थाटात सांगितला, राधानगरीच्या दरवाजांचा हिशेब मांडला, 2019 शी तुलना केली आणि प्रशासनाला दोन सूचना केल्या. पोरगा म्हणाला, "साडेसातच्या बुलेटिनला बघा." मी मान डोलावली.

साडेसातला आमच्या घरात निळा पडदा होता. आठ वाजता मी दार उघडले तर शेजारच्या वहिनी भिजलेल्या अंगणातूनच म्हणाल्या, "भाऊजी, किती छान बोललात हो! सगळ्यांनी बघितलं. फक्त छत्रीची एक काडी मोडलेली आहे, ती नेमकी तुमच्या कानामागून वर आलेली दिसत होती." त्यांच्या मागून तात्यांच्या खांद्यावर हात ठेवून आप्पा येत होते. सातलाच ते काठी घेऊन शेजारी जाऊन बसले होते, हे मला तेव्हा समजले.

"बघितलंत?" मी विचारले.

आप्पांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसला. "तू 38 फूट 7 इंच म्हणालास," ते म्हणाले. "तुझ्या तोंडाखालनं पट्टी चालली होती, तिच्यात 39 फूट 2 इंच होतं."