‘जमणार नाही’ हे आधी कागदावर येऊ द्या

मोठं काही लिहायला घेतलं की मनातली बोलणी सुरू होतात. ‘तुझं कोण वाचणार?’ ‘एवढे थोर लिहून गेले, तू काय नवीन सांगणार?’ ‘आधी शुद्धलेखन सुधार.’ चांगलं लिहू शकणारी कितीतरी माणसं मी पहिल्या पानाच्या अलीकडेच अडलेली पाहिली आहेत. फार वाईट वाटतं.

त्यांना सगळे सांगतात, असले विचार मनातून काढून टाका. मला हे पटत नाही. ते निघत नाहीत, आणि निघायची वाट बघण्यात वर्षं जातात.

ज्ञानेश्वरीचा पहिला अध्याय उघडून बघा. पंडितांची भाषा संस्कृत, आणि गीतेवरची टीका, म्हणजे तिचा अर्थ उलगडून सांगणं, करायची मराठीत. ज्ञानेश्वर म्हणतात, ‘कीं टिटिभू चांचुवरी। माप सूये सागरीं। मी नेणतु त्यापरी। प्रवर्तें एथ॥’ टिटवीनं चोचीनं समुद्र मोजायला निघावं, तसा मी अजाण या कामाला लागलोय. शंका लपवली नाही, ग्रंथातच सगळ्यांसमोर मांडली आणि पुढची ओवी सुरू केली.

कुणी म्हणेल, हा ग्रंथारंभीचा विनय, तशी रीतच होती. असेल. पण शके १२१२ मध्ये पूर्ण झालेल्या या ग्रंथात, नऊ हजारांच्या आसपास ओव्या होत आल्यावर, अठराव्या अध्यायाच्या शेवटीही ते हेच बोलतात. राजहंसाची चाल देखणी, म्हणून बाकी कुणी चालूच नये का? आणि मग मला सगळ्यात आवडणारी ओळ येते: ‘व्यासाचा मागोवा घेतु। भाष्यकारातें वाट पुसतु।’ व्यासांचा माग काढत, गीतेचा अर्थ आधी सांगून गेलेल्या भाष्यकारांना वाट विचारत. ज्या थोरांच्या नावानं आपण गप्प बसतो, त्यांनाच ते वाट विचारत निघालेत!

म्हणून माझ्याकडे कुणी अडून आलं की मी सांगते, ‘मला हे जमणार नाही’ हेच पहिलं वाक्य लिही. खाली लिही, नेमकं काय जमणार नाही? कधी उत्तर येतं, ‘बाबांच्या गिरणीतली रात्रपाळी मला माहीतच नाही.’ हे तर कामच सापडलं. गिरणीत राबलेल्या एखाद्या काकांकडे जाऊन बसायचं, ऐकायचं, लिहून घ्यायचं. कधी उत्तर येतं, ‘मी मुळातच सामान्य.’ यातून करण्यासारखं काहीच निघत नाही. नीट ऐकलं तर पुष्कळदा तो आपला आवाजही नसतो, शाळेतल्या एखाद्या बाईंचा किंवा घरातल्या कुणा मोठ्याचा असतो. तो कागदावर राहू द्यावा आणि खालची ओळ लिहायला घ्यावी. (चांगलं-वाईट ठरवायचंच आहे, पण ते दुसऱ्या खर्ड्याच्या वेळी.)

एक मात्र आहे. तो आवाज लिहिण्यापुरता न राहता जगण्यावरच उठला असेल, झोप-जेवण तुटलं असेल, तर वहीवर भागवू नका, डॉक्टरांकडे जा.

बाकी ज्यांचं काही अडलंय त्यांनी आज ते वाक्य लिहा. खाली काय उत्तर आलं ते मला जरूर कळवा, मी प्रत्येकाचं वाचणार आहे.